तो आमच्यातला होता

ऑक्टोबरची अखेर आली की शेजारच्या आजी पार्किन नावाच्या खाऊचा डबा घेऊन दारात उभ्या राहतात. डबा पत्र्याचा, मूळचा बिस्किटांचा, झाकणावरच्या घोडागाडीचा रंग उडालेला. देताना दर वर्षी तीच ताकीद: पाच तारखेपर्यंत उघडायचा नाही. 'आजी' हे मी मनातल्या मनात म्हणते. तोंडावर त्यांना नावानेच हाक मारावी लागते, लीड्समधली रीत तशी आहे, आणि ऐंशीच्या पुढच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना इतकी वर्षं इथे काढूनही माझी जीभ अडखळते. त्या मात्र मला, पोस्टमनला आणि बसच्या ड्रायव्हरला सारख्याच मायेने 'लव्ह' म्हणतात. गेल्या वर्षी डबा हातात घेता घेता मी सहज म्हटलं, पाच तारखेला मैदानावर बॉनफायर आहे, तुम्हीही चला, चिखल असतो पण मी हात धरून नेते. त्यांनी झाकण पुन्हा एकदा तळहाताने दाबून बसवलं. "मी नाही जात, लव्ह. तो आमच्यातला होता ना." मग पावसाचा अंदाज सांगितला आणि आपल्या फाटकातून आत गेल्या.

तो म्हणजे गाय फॉक्स. १६०५ साली राजासकट पार्लमेंट उडवायच्या कॅथलिकांच्या कटात पकडलेला. कट फसल्याची आठवण म्हणून दर पाच नोव्हेंबरला इथे मोठा जाळ, म्हणजे बॉनफायर, करतात, आणि त्यावर त्याचा बाहुला जाळायची पद्धत.

चारशे वर्षांपूर्वी फासावर गेलेल्या माणसाबद्दल त्या अशा बोलल्या, जसं गल्लीतल्या वाया गेलेल्या पोराबद्दल बोलावं. केलं ते वाईटच केलं त्याने, पण म्हणून त्याच्या जाळावर हात शेकायला आम्ही कशाला जायचं? हे दुसरं वाक्य त्या बोलल्या नाहीत. मी ते ऐकलं. आजींचं घराणं कॅथलिक, त्यांचे आजोबा आयर्लंडहून गिरणीत कामाला आलेले. आता कॅथलिक लोक बॉनफायरला जात नाहीत असं मुळीच नाही. त्यांच्या चर्चमधली कितीतरी मंडळी नातवंडांना खांद्यावर घेऊन मैदानात उभी असतात, त्यांची स्वतःची मुलगीही जाते. ही फक्त त्यांच्या वडिलांनी घरापुरती घातलेली रीत होती. घरात पार्किन होईल, टॉफी होईल, फुलबाजे आणू, पण बाहुला करून जाळायचा नाही. वडील गेले, भावंडं गेली, रीत राहिली. मी डबा फ्रिजवर ठेवला आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

पार्किनबद्दल मात्र आधी बोलायलाच हवं, कारण इतक्या कुरूप पदार्थावर माझा जीव जडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दिसायला तो मातीच्या विटेचा तुकडा. केक म्हणाल तर त्यावर आयसिंग नाही, फुलणं नाही, मध्ये क्रीम नाही. हा उत्तर इंग्लंडचा पदार्थ, यॉर्कशर आणि लँकेशरचा. इथल्या ओल्या, गार जमिनीत गव्हाचं फारसं खरं नसायचं, ओट्स तग धरायचे, म्हणून गरिबाच्या घरचं सगळं ओट्सच्या पिठाचं. त्या जाडसर दळलेल्या पिठात थोडी कणीक, थोडा सोडा आणि सुंठ घालायची, ती सढळ हाताने. आजींच्या मते सुंठेने घसा जरा धरला नाही तर ते पार्किनच नव्हे. पातेल्यात लोणी, ब्राऊन शुगर आणि काळी ट्रीकल मंद आचेवर एकत्र वितळवायची. ही ट्रीकल म्हणजे साखर काढून झाल्यावर मागे राहणारा काळा पाक. घट्ट, चमकदार, चवीला आधी गोड आणि मागाहून कडू. चमच्यावरून ती खाली यायलाच तयार नसते, म्हणून आजी चमचा आधी गरम पाण्यात बुडवून घेतात. भट्टी मंद ठेवायची, घाई करायची नाही. तासाभरात सगळ्या घरात सुंठ आणि करपू घातलेल्या साखरेचा वास भरतो, खिडक्यांच्या काचांवर वाफ धरते, बाहेर साडेचारलाच अंधार पडलेला असतो.

आणि एवढं करून त्या दिवशी खाल्लं तर ते कोरडं, टणक, घशात अडकणारं लागतं. पार्किन डब्यात मुरावं लागतं. चार दिवस, आठ दिवस. ट्रीकल हवेतला ओलावा धरते, ओट्स तो पितात, आणि आठवड्याने झाकण उघडलं की त्याच विटेला तेल सुटल्यासारखी चकाकी आलेली असते. बोटाला चिकटतं, दाताला चिकटतं, चहाच्या घोटाबरोबर सुंठ नाकातून बाहेर येते. आजींच्या लहानपणी साखर रेशनवर होती, १९५३ पर्यंत. त्यांची आई सप्टेंबरपासून साखर बाजूला काढायची आणि त्या पुडीला हात लावणाऱ्याला चमच्याचा प्रसाद मिळायचा. त्यातूनच थोडी ट्रीकल टॉफीही व्हायची. यॉर्कशरमध्ये तिला प्लॉट टॉफी म्हणतात, ताटात ओतून, काळ्या काचेसारखी कडक झाली की हातोडीने फोडायची. म्हणजे राजाला उडवण्याच्या त्या कटाची आठवण लहान मुलांच्या गालात विरघळत असायची, आणि बापाने घातलेली बंदी या गोड कटाला लागू नव्हती.

युद्धाच्या काळात ब्लॅकआउटमुळे जाळ आणि फटाके दोन्ही बंद होते. युद्ध संपल्यावरचा पहिला बॉनफायर आजींना आठवतो तो आवाजाने. लाकूड फुटल्याचा आवाज झाला की त्यांची आई दचकायची. पण खरी मजा, त्या म्हणतात, जाळाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत असायची. मोडक्या खुर्च्या, फळ्या, झाडाच्या फांद्या, कुणाचं जुनं दार, जे जे जळेल ते पोरं गोळा करायची. याला इकडे चंपिंग म्हणतात. जमवलेला ढीग राखायला पहारा बसवावा लागे, कारण शेजारच्या गल्लीतली पोरं रात्री येऊन तो पळवायची. आपणही त्यांचा पळवायचा. चार तारखेची रात्र तर खोड्यांचीच, मिस्चिफ नाइट. फाटकं बिजागऱ्यांवरून उचलून भलत्याच घराला लावायची, दाराच्या कड्या दोरीने एकमेकींना बांधून दोन्ही घंटा वाजवायच्या. आजींचे भाऊ या सगळ्यात पुढे असायचे. फक्त जुन्या पँटमध्ये कागद कोंबून केलेला बाहुला बाबागाडीत घालून पोरं दुकानासमोर "पेनी फॉर द गाय" ओरडत बसायची, तिथे ते उभे राहायचे नाहीत. म्हणजे राहायचे, पण वडील गिरणीतून यायच्या आत पळून यायचे. मिळालेल्या पेन्यांतला वाटा मात्र घ्यायचे.

आता ती बाबागाडी कुठेच दिसत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला फटाके विकायला बंदी आहे, मग पेन्या जमवून करायचं काय? लाकडाचे ढीगही गल्लीत राहिले नाहीत, जाळ मैदानात सरकला, त्याला दोर आला, पिवळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक आले, पेटवण्याआधी ढिगाखाली हेजहॉग झोपलाय का ते काठीने तपासणं आलं. हे शेवटचं मला फार आवडतं. थंडीत झोपायला जागा शोधणाऱ्या त्या काटेरी जिवाला पानांचा आणि लाकडांचा ढीग म्हणजे आयतं घर वाटतं, म्हणून शक्यतो त्याच दिवशी ढीग जागेवरून हलवून नव्याने रचतात. आमच्या मैदानावर हे काम एक निवृत्त माळी गुडघ्यांवर बसून, टॉर्च घेऊन करतो, आणि त्याने अंगठा वर केल्याशिवाय कुणी काडी ओढत नाही.

त्या संध्याकाळचं काय सांगू? चेहरा भाजतो आणि पाठ गारठते, मग आपण फिरून उभं राहायचं, पाठ भाजते आणि नाक गारठतं. बुटांखाली गवताचा आणि चिखलाचा काला. कागदी वाटीत मटाराचा हिरवा लगदा, त्यात बुडवलेली पोर्क पाय आणि वर पुदिन्याचं आंबटगोड सॉस. पुदिना पाहून आधी मला घर आठवलं होतं, पहिला घास घेतल्यावर ते लगेच विसरायला झालं. सालासकट भाजलेले बटाटे, आत लोणी. पेनाइन्स डोंगरांच्या पलीकडे, बोल्टनकडे याच रात्री काळे वाटाणे उकडून व्हिनेगर घालून कपातून खातात. ते मी पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मैत्रिणीला वाटलं धुराने डोळे चुरचुरताहेत माझे. आमच्याकडे सावंतवाडीला दिवाळीत पोह्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ असते. व्हिनेगर नव्हे, खोबऱ्याचं वाटप. पण वाटाणा तोच, जाड सालीचा, दाताखाली जरा पिठूळ होणारा.

मग बाण सुटतात, सगळं मैदान एका सुरात 'ऊऽऽ' करतं, आणि खांबाला ठोकलेलं चक्र ठिणग्या उधळत फिरायला लागतं. त्याला कॅथरीन व्हील म्हणतात. संत कॅथरीनला ज्या चाकावर मारायचं ठरलं होतं त्याची ही आठवण. कॅथलिकांविरुद्धच्या विजयाच्या रात्री कॅथलिक संतिणीचं चाक फिरतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या मैदानावरच्या जाळावर बाहुलाही नसतो. कधीतरी कमिटीने तो बंद केला, का ते कुणाला नीट सांगता येत नाही. कुणी म्हणे मुलं घाबरतात, कुणी म्हणे पँटच्या नायलॉनचा धूर वाईट. नसल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. गेल्या वर्षी मात्र माझी नजर पुन्हा पुन्हा त्या ढिगाच्या रिकाम्या टोकाकडे जात होती.

माणूस तो कोण होता? जन्म यॉर्कचा, १५७०चा. तिथल्या भव्य कॅथीड्रलच्या, मिन्स्टरच्या, सावलीत सेंट मायकल ले बेलफ्री नावाचं चर्च आहे, तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे जन्माने तो प्रॉटेस्टंट चर्चचाच. वडील लहानपणी वारले, आईने दुसरं लग्न केलं ते कॅथलिक माणसाशी, आणि पोरगा पुढे त्या बाजूला गेला. तोही कच्चा नाही, चांगला समुद्र ओलांडून नेदरलँड्समध्ये स्पेनच्या बाजूने लढायला. कट त्याचा नव्हताच. म्होरक्या होता रॉबर्ट केट्सबी. पण वेढे घालणं, सुरुंग लावणं, बंदुकीची दारू हाताळणं हे केट्सबीच्या मित्रमंडळींपैकी याला येत होतं, म्हणून ५ नोव्हेंबर १६०५च्या आदल्या रात्री पार्लमेंटमधल्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या तळघरात, सरपणाच्या आणि कोळशाच्या ढिगाखाली लपवलेल्या दारूच्या ३६ पिंपांपाशी सापडला तो हा. नाव सांगितलं जॉन जॉन्सन. दोन दिवस तेच सांगत राहिला. मग टॉवर ऑफ लंडनमध्ये राजाच्या लेखी परवानगीने छळ झाला, आणि त्याच्या कबुलीजबाबावरची सही आजही जपून ठेवलेली आहे. छळानंतर लगेच केलेली ती सही बघवत नाही. अक्षरं नाहीतच ती, कागदावर टेकलेली लेखणी नुसती घसरत गेली आहे. केट्सबी मात्र पळाला. स्टॅफर्डशरमधल्या एका वाड्यात दडून बसला असताना त्याच्या माणसांनी भिजलेली दारू चुलीसमोर वाळत घातली आणि ठिणगी पडून तीच भडकली. त्या सगळ्या कटात पेटलेली दारू ती एवढीच. दुसऱ्या दिवशी केट्सबी गोळी लागून मेला. इतिहासाने पुढारी सोडून कामगार धरला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. पण जाळण्यासाठी चेहरा लागतो, आणि चेहरा सापडलेल्याचाच असतो.

यॉर्कला गेले होते तेव्हा सेंट पीटर्स शाळेच्या बाजूने चालत गेले. शाळा त्याची, जागा तेव्हा दुसरी होती. ही शाळा बॉनफायरवर गाय फॉक्सचा बाहुला जाळत नाही. कारण काय, तर तो आपला माजी विद्यार्थी. माजी विद्यार्थ्याला जाळायचं नाही! त्याचे दोन साथीदार, राइट बंधू, तेही याच शाळेचे. कुणी त्याचं समर्थन करत नाही, पुतळा उभारत नाही, उगाच गौरव नाही. फक्त आपल्या पटावरच्या पोराला हात लावायचा नाही, एवढंच. त्या फाटकासमोर उभी राहून मला आजींचे वडील दिसले, गिरणीतून येणारे, हातात जेवणाचा डबा, आणि दुकानासमोरून पळत सुटलेली त्यांची पोरं.

जाळ ५ नोव्हेंबर १६०५च्याच रात्री पेटले होते, राजा वाचला म्हणून लंडनभर. मग पार्लमेंटने कायदाच केला, की दर वर्षी या दिवशी चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मानायचे. तो कायदा १८५९ पर्यंत टिकला. अडीचशे वर्षं सरकारी हुकमाचा सण! आणि गंमत अशी की पुष्कळ काळ ढिगावर बसायचा तो पोप. १८५० साली व्हॅटिकनने इंग्लंडमध्ये पुन्हा बिशप नेमले तेव्हा नव्या कार्डिनलचेही बाहुले जळले. आजींच्या आजोबांच्या आधी आयर्लंडहून आलेली पिढी तेव्हा असणार. परक्या देशात, परक्या गल्लीत, खिडकीचे पडदे ओढून आत बसलेली. कधी मैदानातला जाळ बघताना डोळ्यांसमोर एकदम हे पडदे येतात, आणि मग पायचा घास जरा वेळ हातातच राहतो.

विसरणं म्हणजे काय हे नीट कळायचं तर न विसरणारं गाव बघावं, म्हणून एकदा लुईसला गेले. ससेक्समधलं चढउताराचं, सुबक गाव. पाच तारखेला दुपारपासून दुकानदार काचांवर फळ्या ठोकत होते. कॅथलिक राणी मेरीच्या काळात, १५५५ ते १५५७ मध्ये, या गावात १७ प्रॉटेस्टंट माणसांना जिवंत जाळलं. त्यांच्यासाठी १७ पेटते क्रूस घेऊन मिरवणूक निघते. गावात बॉनफायरची वेगवेगळी मंडळं आहेत, प्रत्येकाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनचा रंग वेगळा, आपापला रस्ता, आपापला जाळ, आपापसातली चुरस. गणपतीचं मंडळ चालवलेल्या कुठल्याही माणसाला तिथे भाषांतराची गरज पडणार नाही. क्लिफ मंडळाच्या रस्त्यावर पोपविरोधी फलक आडवा बांधलेला असतो, आणि १६०५ साली गादीवर असलेल्या पाचव्या पॉलचा बाहुला उडवतात. मशालींचा इतका धूर की घशात राखेचा थर बसला. ढोल जवळ आले तसे छातीत वाजायला लागले. आणि मला ते आवडलं. पोटातून आवडलं. क्रूस जळताना बघून अंगावर काटा आला तो भीतीचा होता की उत्साहाचा हे मी आजही सांगू शकणार नाही. बाजूचा माणूस मोठ्या प्रेमाने समजावत होता, की यात कुणाबद्दल राग नाही बरं, ही परंपरा आहे. मला पटलं. लगेच आठवलं, की इथून काही मैलांवर फर्ल नावाच्या गावात २००३ साली अशाच बॉनफायरवर जिप्सी कुटुंबाचं चित्र काढलेली गाडी जाळली होती. त्यांच्यातली माणसं त्याच भागात राहत होती. अटक झाली, पुढे खटला उभा राहिला नाही. तेव्हाही परंपराच सांगितली गेली.

सावंतवाडीला आम्ही नरकासुर जाळतो. गोव्यात तर याची मोठी धूम असते, पण आमच्याकडेही काही कमी नाही. वाडीतली मुलं गवत, तारा, रद्दी जमवायची, घरोघर वर्गणी मागायची, आणि चतुर्दशीच्या आदल्या रात्री एकेक नरकासुर रस्त्यावर यायचा, लाल डोळे, बाहेर आलेली जीभ, पोटात फटाके. आम्ही मुली पडवीतून बघायचो. पहाटे त्याला काडी लागायची, मग अभ्यंग, मग तुळशीपुढे 'गोविंदा गोविंदा' करत डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. कारीट म्हणजे त्याचं डोकं. बी जिभेला लावायची, कडूजहर, की मग पोहे. एका वर्षी वर्गणी न दिलेल्या एका काकांची मिशी आणि चष्मा नरकासुराला लागला. अख्खी वाडी हसली. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, ती आमच्या पडवीत आमच्याबरोबर उभी होती, आणि सगळ्यांत मोठ्याने ती हसली. इतक्या मोठ्याने की आईने तिला आत बोलावून उगाचच पोहे निवडायला बसवलं. तेव्हा मला आईचा राग आला होता, मजा चालली असताना कसलं काम काढलं म्हणून.

तरी मी कायम म्हणत आले, की नरकासुराची गोष्ट वेगळी. तो राक्षस. तो काही कुणाच्यातला नाही. हे मी इथल्या आमच्या मंडळाच्या दिवाळीत एका डॉक्टरांना सांगितलं. बायको पुण्याची, स्वतः गुवाहाटीचे. ते मान डोलवत ऐकत होते. मग म्हणाले, "माझं मेडिकल कॉलेज कुठल्या टेकडीवर आहे माहीत आहे? नरकासुर टेकडीवर." नरकासुराचं प्राग्ज्योतिषपूर म्हणजे त्यांचा प्रदेश, आसाम. कामरूपचे राजे आपला वंश नरकापासून सांगायचे. हर्षवर्धनाचा मित्र भास्करवर्मा, त्याच्या ताम्रपटात नरकाचं नाव पूर्वज म्हणून अभिमानाने कोरलेलं आहे. हत्तीवरून लढणारा महाभारतातला भगदत्त, तो नरकाचाच मुलगा. हे सगळं त्यांनी चकली खात खात, अजिबात आवाज न चढवता सांगितलं. कृष्णाने त्याला मारलं हेही त्यांच्याकडे सांगतातच. पण आधी तो राजा होता, मग वाईट निघाला, असं. जमिनीचा मुलगा, भूमिपुत्र. कारीट फोडता का तुम्ही, मी विचारलं. ते हसले. "लग्नानंतर फोडतो. सासूबाई उभ्या असतात समोर."

हे मी आजींना सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, पाच तारीख होऊन गेल्यावर, रिकामा डबा परत करायला गेले तेव्हा. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात चकल्या घातल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अंगठ्याने डोकं फोडायचं म्हटल्यावर भुवया वर गेल्या, कडू बी जिभेला लावायची म्हटल्यावर खाली आल्या. ते त्यांना पटलेलं दिसलं. "आणि तो डॉक्टर येतो तुमच्या सणाला?" येतो, म्हटलं, आणि भरपूर खातो. "मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी आणखी एक चकली घेतली. मी धीर करून विचारलं, तुम्हाला कधी वाटलं नाही जावंसं, एकदा तरी? त्यांनी खिडकीकडे बोट केलं. वरच्या खोलीतून मैदान दिसतं. बाण सगळे दिसतात, त्या म्हणाल्या, तिकीट न काढता. वडीलही तिथूनच बघायचे.

इंग्लंडच्या २००४च्या नियमांत एक गमतीची गोष्ट आहे. एरवी रात्री अकरानंतर फटाके वाजवायचे नाहीत. पाच नोव्हेंबरला बारापर्यंत सूट. दिवाळीला एकपर्यंत. गाय फॉक्सपेक्षा आपल्याला तासभर जास्त. मंडळात हे कुणीतरी दर वर्षी माइकवरून सांगतं आणि टाळ्या पडतात, आणि मग सगळे साडेनऊलाच घरी जातात, कारण दुसऱ्या दिवशी शाळा असते.

गेल्या दिवाळीत आमच्या मुलांनी हट्टाने नरकासुर केला. फ्रिजच्या खोक्याचा धड, हातांना बबल रॅप, डोळ्यांना सीडी, ओठांवर चमकीची मिशी. मिशी डॉक्टरांच्या मुलीने रंगवली, अर्धा दिवस खपून. हॉलच्या व्यवस्थापकाने दारातच सांगितलं की आत मेणबत्तीसुद्धा चालणार नाही आणि बाहेर पार्किंगमध्ये तर नाहीच. मुलांची तोंडं उतरली. शेवटी कृष्ण झालेल्या पोराने प्लास्टिकचं चक्र फेकून मारलं, नरकासुर पडला, टाळ्या झाल्या, जेवणं झाली. मग प्रश्न आला तो कुठे टाकायचा. पुठ्ठा म्हणून हिरव्या डब्यात गेला असता, पण व्यवस्थापक म्हणाला चमकी आणि रंग लागलेला पुठ्ठा रिसायकल होत नाही, काळ्यात टाका. काळा डबा आधीच भरलेला. मुलं मिशी आधी काढून घ्यायची की नाही यावर भांडत होती. डॉक्टरांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, धडाचे चार तुकडे केले, हात मोडून घातले, डोकं वर ठेवलं, आणि झाकण बसेना म्हणून बुटाने दाबलं. डाव्या पायाने की उजव्या, ते बघायचं माझं राहून गेलं.